भिंतीपासून दीड मीटर

वणव्यानंतर वरून टिपलेला एखाद्या वस्तीचा फोटो समोर आला, की जळलेल्या घरांइतकंच झाडांकडेही बघावं. कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ ला जळालं. त्या वणव्यात ८५ माणसं गेली, १८,००० हून जास्त इमारती गेल्या. त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. घराच्या जागी राखेचा चौकोन, त्यात एकटं उभं धुराडं, शेजारी गाडीचा सांगाडा. आणि त्या चौकोनाला जवळजवळ खेटून पाइनची झाडं. काहींच्या खालच्या फांद्या करपलेल्या, पण शेंडे हिरवे. आग जंगलातून आली म्हणतात. मग जंगल उभं आणि घर भुईसपाट, हे कसं काय?

हा प्रश्न जॅक कोहेन या अमेरिकी संशोधकाने फार आधी धसाला लावला. ते यूएस फॉरेस्ट सर्व्हिसच्या मोन्टानामधल्या मिझुला इथल्या प्रयोगशाळेत काम करत. २००० साली न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसमध्ये वणव्याने दोनशेहून जास्त घरं खाल्ली, तेव्हा ते तिथे जाऊन घराघराभोवती फिरले. त्यांना दिसलं ते हेच: मधल्या झाडांचे शेंडे शाबूत, जमिनीवरून सरकत गेलेली बुटकी आग, आणि जिथे ती आग पाइनच्या वाळल्या सुईसारख्या पानांमधून किंवा सरपणाच्या राशीतून भिंतीपर्यंत पोचली तिथे घर गेलेलं. ज्या ज्वाळेची आपण कल्पना करतो, ती झाडाच्या उंचीची, गर्जना करत येणारी, ती बऱ्याच घरांपर्यंत आलेलीच नव्हती.

त्यांचा दुसरा पुरावा मला जास्त पटतो, कारण तो आगीनंतरचा तर्क नसून लावलेल्या आगीचा आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये संशोधकांनी खऱ्या जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवले, शेंड्यापर्यंत. समोर लाकडी भिंती उभ्या केल्या होत्या: जंगलाच्या काठापासून १० मीटरवर, २० मीटरवर, ३० मीटरवर. १० मीटरवरच्या भिंती काही वेळा पेटल्या, काही वेळा नुसत्या काळवंडल्या. २० मीटरवरच्या फार तर किंचित करपल्या. ३० मीटरवरच्या भिंतीला काहीही झालं नाही. कारण साधं आहे. जंगलातली ज्वाळा भव्य असते, पण एका जागी ती मिनिटभरच टिकते, मग तिथलं जळण संपतं आणि ती पुढे जाते. लाकडी भिंतीने पेट घ्यायला तेवढा वेळ त्या अंतरावरून पुरत नाही.

मग घर पेटतं कशाने? मुख्यत्वे निखाऱ्यांनी. वाऱ्यावर उडणारे सालीचे तुकडे, पाइनच्या शंकूसारख्या फळांच्या पाकळ्या, काटक्यांचे जळते शेंडे. ज्वाळेच्या कितीतरी आधी ते येतात आणि ती निघून गेल्यावर तासन्‌तास येत राहतात. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ च्या ज्या दिवसाला लोक ‘ब्लॅक सॅटर्डे’ म्हणतात, त्या दिवशी हे निखारे मूळ आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे पडून नव्या आगी लावत होते. एका निखाऱ्यात काही दम नसतो. दगडावर पडला, विझला. पण ते एकटे येत नाहीत, हजारोंनी येतात, आणि त्यांतल्या एकाला जरी वाळलेलं, पोकळ, वाऱ्यापासून आडोशाचं काही सापडलं तरी पुरतं.

हे कळल्यापासून घराभोवती फिरायची माझी पद्धत बदलली. आमचं घर गवताळ उताराला लागून आहे. गवत वाळलं की मनातली भीती आपसूक उताराकडे तोंड करून उभी राहते. तिकडून आग येईल, तिकडे बघत राहावं. पण कामाची जागा पाठीमागे आहे. उताराकडे पाठ करायची, घराकडे तोंड करायचं आणि विचारायचं, मी निखारा असतो तर इथे कुठे बसलो असतो?

पहिलं उत्तर छप्पर. ते आडवं असतं, मोठं असतं, आणि निखारा वरून पडतो. अमेरिकेने हा धडा एकाच राज्यात, कॅलिफोर्नियात, पुन्हा पुन्हा गिरवला. १९२३ साली बर्कलीत एका दुपारी सुमारे ५८० घरं गेली. १९६१ साली लॉस एंजलिसमधल्या बेल एअरमध्ये ४८० च्या वर. दोन्हीकडे छपरं पातळ लाकडी फळ्यांची होती. त्या फळ्या नुसत्या पेटत नव्हत्या, वाऱ्याने सुटून स्वतःच निखारे होत होत्या आणि पुढच्या गल्लीत जाऊन पडत होत्या. १९९१ साली बर्कलीच्याच शेजारी, ओकलंडच्या टेकड्यांवर पुन्हा आग लागली. २५ माणसं गेली, सुमारे २,९०० घरं-इमारती गेल्या. लंडन १६६६ मध्ये जळालं आणि पुढच्याच वर्षी घरं विटा-दगडांची बांधायचा कायदा आला. नंतरच्या लोकांना तेच शिकायला इतका वेळ का लागावा, याचं माझ्याकडे एकच उत्तर आहे: लाकडी छप्पर दिसायला फार सुंदर असतं.

आता बऱ्याच ठिकाणी छपराला अग्निरोधाचा दर्जा असतो आणि ‘क्लास ए’ हा सर्वांत वरचा. कौलं, पत्रा, चांगली डांबरी शिंगल (छपरावर एकावर एक चढवून बसवायचे पातळ तुकडे) यांना तो मिळतो. पण दर्जा त्या साहित्याच्या पृष्ठभागाचा असतो. त्यातल्या फटींचा नसतो. अर्धगोल कौलांची कडेची टोकं उघडी असली की त्यात पाखरं घरटी करतात. घरटं म्हणजे वाळलेलं गवत, नीट फुगवून ठेवलेलं. निखाऱ्याला आणखी काय हवं? ती टोकं सिमेंटने किंवा जाळीने बुजवायची. जिथे दोन उतार मिळतात त्या खाचेत पाला साठतो. जिथे छप्पर वरच्या मजल्याच्या भिंतीला टेकतं त्या कोपऱ्यात तर हमखास. आणि पन्हळ. पन्हळीवर मी वेगळा लेख लिहू शकेन. वर कितीही उत्तम छप्पर असो, त्याच्या काठाला लागून आपण एक लांबच लांब खोबण बांधतो आणि वर्षभर त्यात वाळका पाला भरू देतो. पन्हळ प्लास्टिकची असली तर ती वितळून खाली पडते आणि भिंतीच्या पायाशी जळत बसते. धातूची असली तर आहे तिथेच राहते आणि आतला पाला छपराच्या काठाची फळी पेटवतो. वरून जाळी बसवली तर काम कमी होतं, संपत नाही. जाळीवरही पाला बसतोच. शिडी, हातमोजे, बादली. याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

दुसरं उत्तर दिसत नाही, कारण ते वळचणीखाली असतं. माळ्यावर हवा खेळावी म्हणून ठेवलेले झरोके. ते लागतातच, बंद केले तर आत दमट होऊन वासे कुजतात. पण जोराच्या वाऱ्यात हेच झरोके निखारे आत ओढून घेतात, आणि माळ्यावर काय असतं ते आपण सगळे जाणतो. बाहेरून घर धडधाकट दिसतं आणि आत वरच्या मजल्यावर आग लागून तासभर झालेला असतो. यावर उपाय आहे तो फार साधा: धातूची बारीक जाळी. ऑस्ट्रेलियाचं वणवाप्रवण भागातल्या बांधकामाचं मानक, एएस ३९५९, जाळीचं छिद्र जास्तीत जास्त २ मिलिमीटर ठेवायला सांगतं. कॅलिफोर्नियाचे नियम साधारण दीड ते तीन मिलिमीटरच्या मधलं मागतात. त्याहून मोठ्या छिद्रातून पेटते तुकडे आत जातात, त्याहून बारीक जाळी धुळीने बुजते. प्लास्टिकची डासांची जाळी इथे काही कामाची नाही, ती वितळते. आणि धातूची जाळी बसवली की संपलं असंही नाही. बोटाने चाचपून बघावं, कुठे कोपऱ्यातून सुटली आहे का, उंदराने वाट केली आहे का.

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायनातल्या रिचबर्ग गावी विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी एक संशोधनसंस्था आहे, आयबीएचएस. तिच्याकडे १०५ पंख्यांची भिंत आहे आणि समोर अख्खं घर मावेल एवढी जागा. तिथे ते घरावर निखाऱ्यांचा पाऊस पाडतात. त्यांच्या एका प्रात्यक्षिकात घर मधोमध वाटून घेतलेलं असतं: एक अर्ध नेहमीचं, भिंतीला लागून लाकडाचा चुरा आणि झुडपं असलेलं, दुसरं अर्ध जळणाऱ्या साहित्याला फाटा देऊन बांधलेलं, पायाशी खडी. वारा तोच, निखारे तेच. नेहमीच्या अर्ध्याच्या पायाशी चुरा धुमसू लागतो, झुडूप पेटतं, आग भिंतीवर चढते. दुसऱ्या अर्ध्यावर निखारे आपटतात, खडीत पडतात आणि विझतात. मी याची चित्रफीत बघताना वाट पाहत होतो की दुसऱ्या बाजूला काहीतरी घडेल. काही घडत नाही. हेच त्यातलं बघण्यासारखं आहे, आणि त्यामुळेच ते लोकांच्या लक्षात राहत नसावं.

तर आता दीड मीटर. भिंतीपासून पाच फूट. कॅलिफोर्नियात याला ‘झोन झिरो’ म्हणतात आणि २०२० साली तिथे त्यासाठी कायदा झाला. कायदा झाला, पण त्याचे नेमके नियम ठरवण्यात वर्षांमागून वर्षं गेली. भांडण कशावर, तर या पट्ट्यात एखादं हिरवं, पाणी दिलेलं झाड चालेल की नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. शहरं जळताहेत आणि लोक कुंडीवर वाद घालताहेत. मला तो वाद समजतो, कारण तो आमच्या घरात झाला.

आपण घरावर प्रेम करतो म्हणजे काय करतो, ते या पाच फुटांत दिसतं. भिंत उघडी वाटते म्हणून तिच्यावर वेल चढवतो. खिडकीखाली झुडपं लावतो. दारात पायपुसणं, बहुधा काथ्याचं. केरसुणी भिंतीला टेकवलेली. सरपण भिंतीलगत, कारण वळचणीखाली ते कोरडं राहतं. वेताची खुर्ची, तिच्यावर गादी. मुलांची खेळणी. घराच्या पायाशी लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन, कारण त्याने तण उगवत नाही आणि ओल टिकते. यातली एकही गोष्ट हलगर्जीपणाची नाही. उलट ज्या घराची निगा राखली जाते तिथेच या सगळ्या असतात. आणि निखारा वाऱ्याबरोबर भिंतीवर आपटून खाली घसरतो तो नेमका इथेच येऊन साठतो, वाळका पाला साठतो तसा. किंबहुना आपल्या घराशी निखारे कुठे जमतील हे शोधायला कुठल्याही तज्ज्ञाची गरज नाही. जोराच्या वाऱ्यानंतर पाचोळा कुठे गोळा झाला आहे ते बघावं. तीच जागा.

आईची वेल दक्षिणेच्या भिंतीवर होती. जुनी, खोड मनगटाएवढं. वरून हिरवीगार, आणि हात घालून बाजूला केली की आत भिंतीलगत वर्षानुवर्षांच्या वाळक्या काड्या आणि पानं. मी तिला ते दाखवलं. तिने बघितलं आणि म्हणाली, “आतून सगळ्याच वेली अशा असतात.” खरं होतं. मग मी ज्वाळा, निखारे, मिलिमीटर वगैरे सांगू लागलो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “वेल नको आहे की वेल भिंतीवर नको आहे?” हा प्रश्न मला सुचायला हवा होता. आता अंगणाच्या पलीकडच्या टोकाला लोखंडी मांडव आहे आणि जुन्या वेलीची कलमं त्यावर हळूहळू चढताहेत. भिंत मात्र उघडी पडली. तिथे खडी आहे. सुंदर दिसत नाही. आगीसाठी जे जे करावं लागतं त्यातलं बरंचसं सुंदर दिसत नाही, आणि जे लोक हे गोड बोलून लपवतात त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही.

हवाईतल्या लाहैनामधल्या त्या घराची गोष्ट यासाठीच मला आवडते. ऑगस्ट २०२३ च्या आगीत तिथे शंभरहून अधिक माणसं गेली, समुद्राकाठची जुनी वस्ती राख झाली, आणि त्या राखेत लाल छपराचं एक पांढरं घर जसंच्या तसं उभं राहिलं. फोटो खरा आहे का, असा संशय लोकांनी घेतला. घर लाकडीच, सुमारे शंभर वर्षांचं. पण मालकांनी नुकतंच त्याचं जुनं डांबरी छप्पर काढून जाड पत्र्याचं घातलं होतं, आणि भिंतीलगतची झाडं-झुडपं काढून सगळीकडे दगड पसरले होते. वणव्यासाठी नव्हे. वाळवी लागू नये म्हणून. त्यात नशीबही होतं, वाऱ्याची दिशा होती, शेजारच्या घरांपासूनचं अंतर होतं, हे सगळं धरूनही निखाऱ्यांनी त्या घरावर पडून बघितलं असणारच. त्यांना बसायला जागा मिळाली नाही.

दीड मीटरच्या बाहेर गेलं की गोष्टी सोप्या होतात आणि सल्ले मात्र वाढतात. ढोबळ चित्र एवढंच. दहा मीटरपर्यंत झाडं-झुडपं असावीत पण त्यांची बेटं असावीत, सलग रान नसावं. झाडाखाली झुडूप आणि झुडपाखाली गवत अशी उतरंड लागली की जमिनीवरची आग शेंड्यापर्यंत चढते. म्हणून खालच्या फांद्या जमिनीपासून दोनेक मीटरपर्यंत छाटायच्या. वाळलेलं गवत चार इंचांहून वाढू द्यायचं नाही. सरपण आणि गॅसची टाकी या दहा मीटरांत असलीच तर तिच्याभोवतीची जमीन उघडी हवी. त्यापलीकडे तीस मीटरपर्यंत विरळणी. घर उताराच्या माथ्यावर असेल तर हे अंतर खालच्या बाजूला वाढवायचं, कारण आग चढावर पळते. ऑस्ट्रेलियातले अग्निशमनवाले ठोकताळा सांगतात की दर दहा अंश चढाला तिचा वेग दुप्पट होतो. गवत कापायचं तर सकाळी लवकर, हवा गार आणि ओलसर असताना. भर दुपारच्या उन्हात यंत्राचं पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते, आणि वणव्यापासून वाचायला निघालेल्या माणसाने वणवा लावल्याची उदाहरणं कमी नाहीत.

एक टोक मात्र मला मान्य नाही: सगळंच तासून टाकायचं. भयाने पछाडलेली माणसं घराभोवतीची जमीन तळहातासारखी उघडी करतात. त्याने माती धुऊन जाते, उन्हाळ्यात घर भाजतं, आणि मोकळ्या माळावर जे पहिलं उगवतं ते बहुधा झटकन वाळणारं, झटकन पेटणारं तणच असतं. मधल्या अंतरावर असलेलं पाणीदार, नीट छाटलेलं पानझाडी झाड वाऱ्याचा जोर थोडा मोडतं, काही निखारे अडवतं. अडचण झाड असण्याची नसून झाड, झुडूप, पाला आणि भिंत यांची साखळी लागण्याची आहे. सुरूच्या, म्हणजे सायप्रसच्या, जातीची दाट, तेलकट कुंपणं मात्र याला अपवाद. ती बाहेरून हिरवी, आतून पूर्ण वाळलेली, आणि पेटली की मशाल. त्यांच्याबद्दल मी कोणाचंही ऐकत नाही.

कुंपणाचं निघालंच आहे तर लाकडी कुंपणाबद्दल. ते घराच्या भिंतीला येऊन मिळतं, आणि आग त्याच्यावरून चालत भिंतीपर्यंत येते. सगळं कुंपण बदलायचं नसेल तर निदान भिंतीजवळचा शेवटचा तुकडा, तोच दीड मीटर, लोखंडी फाटकाचा करावा. मला हा उपाय सगळ्यांत आवडतो. अर्ध्या दिवसाचं काम, आणि साखळीची एक कडी कायमची निखळते.

काचांचं थोडक्यात. उष्णता लांबूनही पोचते आणि एकेरी काच भिंत पेटायच्या आधीच तडकते. मग निखाऱ्यांना आत पडद्यापर्यंत वाट मोकळी. दुहेरी काच, निदान बाहेरची टफन्ड म्हणजे तापवून मजबूत केलेली, हे त्यावरचं उत्तर आहे. ऑस्ट्रेलियात नवं घर बांधताना ही उष्णता किती येऊ शकेल याचा अंदाज आधी करतात आणि घराला श्रेणी देतात: १२.५, १९, २९, ४०, आणि त्यावर ‘फ्लेम झोन’, म्हणजे जिथे ज्वाळाच घराला भिडू शकते. हे आकडे दर चौरस मीटरला किलोवॉटमध्ये असतात. भर दुपारचं स्वच्छ ऊन साधारण एक किलोवॉट देतं. म्हणजे चाळीसच्या श्रेणीचं घर चाळीस सूर्यांसमोर काही वेळ तग धरेल अशा हिशेबाने बांधायचं असतं. हा आकडा वाचल्यावर मी रबरी नळी घेऊन छपरावर उभं राहण्याचा विचार मनातून काढून टाकला.

इथपर्यंतचं सगळं आपल्या हातात आहे असं वाटतं, आणि इथेच ते सुटतं. ३० डिसेंबर २०२१ ला कोलोरॅडोतल्या बोल्डर परगण्यात, भर हिवाळ्यात, गवताला आग लागली. वारा ताशी १६० किलोमीटरच्या घरात. ती आग गवतातून नव्या, नीटनेटक्या वसाहतींमध्ये शिरली आणि हजारावर घरं जळाली. जंगल नव्हतंच. एक घर पेटलं, त्याने शेजारचं पेटवलं. पुढच्या दिवशी राखेवर बर्फ पडलं. जंगलाची ज्वाळा मिनिटात पुढे जाते. घर मात्र तासभर, दोन तास एकाच जागी जळतं, आणि दोन घरांत सहा-सात मीटरचं अंतर असेल तर त्या धगीपुढे खडी, जाळी, छाटलेल्या फांद्या यांचं काही चालत नाही. पॅरडाइजमध्ये नंतर अभ्यास झाला, तेव्हा १९९७ पूर्वीच्या घरांपैकी ११.५ टक्के वाचल्याचं दिसलं आणि त्यानंतर बांधलेल्यांपैकी ३८.५ टक्के. नवं बांधकाम उपयोगी पडलं, यात शंका नाही. पण घर वाचणार की नाही हे सांगणाऱ्या सर्वांत ठळक गोष्टींमध्ये एक होती: जवळचं जळालेलं घर किती अंतरावर होतं.

म्हणजे माझ्या घराच्या तयारीचा मोठा भाग शेजाऱ्यांच्या अंगणात आहे. हे मला फार अवघड वाटतं. स्वतःच्या पन्हळीत हात घालणं सोपं. दुसऱ्याला “तुमची पन्हळ भरली आहे” कसं सांगायचं? आमच्या शेजारच्या काकांचं सरपण आमच्या सामाईक कुंपणाला लागून रचलेलं असे. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, “इतकी वर्षं काही झालं नाही.” यावर तर्काने उत्तर देता येत नाही. आगीचा अनुभव माणसाला एकदाच येतो, आणि न येण्याचा अनुभव दररोज. मी नंतर सांगणं सोडलं आणि आमचं कुंपण बदलताना त्यांना फक्त मदतीला बोलावलं. जुन्या फळ्या काढायच्या तर सरपण हलवणं भागच होतं. ते परसाच्या टोकाला गेलं आणि तिथेच राहिलं. त्यांच्या सुरूच्या कुंपणाबद्दल अजून बोलणं झालेलं नाही. होईल.

आणि एवढं सगळं करून शेवटी घर सोडून जायचं. आईला हे अजिबात पटत नाही. “मग कशाला केलं?” ती विचारते. ऑस्ट्रेलियात पूर्वी सल्ला असे, तयारी करा, मग राहून घर राखा किंवा लवकर निघा. ब्लॅक सॅटर्डेला १७३ माणसं गेली आणि त्यांतली बरीचशी घरांतच. त्यानंतर तिथे धोक्याच्या पातळ्यांमध्ये सर्वांत वर एक नवी पातळी आली, आणि त्या पातळीच्या दिवशी कितीही तयार घर असलं तरी आधीच निघून जाणं हाच सुरक्षित मार्ग, असं स्पष्ट सांगितलं जाऊ लागलं. घर माणसाशिवाय तगावं म्हणूनच ही खडी आणि ही जाळी. कोणीतरी नळी घेऊन उभं राहील या भरवशावर ती नाही. पाणी असेलच असं नाही, वीज बहुधा नसेल, आणि बंब एकावेळी एकाच घरासमोर उभा राहतो.

निघायच्या वेळी करायच्या गोष्टींचा कागद मी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. खुर्च्यांच्या गाद्या आणि पायपुसणं आत घ्या. खिडक्या लावा, पातळ पडदे काढून ठेवा. गॅस बंद. बाहेरचा दिवा चालू, म्हणजे वीज असली तर धुरात घर दिसेल. नळ उघडा ठेवून जाऊ नका, बंबाला दाब मिळत नाही. शिडी बाहेर कोपऱ्यात उभी करून ठेवा. दारं ओढून घ्या, पण कुलूप लावू नका. अग्निशमनवाल्यांना आत जायची वेळ आली तर फोडत बसायला लागू नये.

आईने तो कागद चष्मा लावून पूर्ण वाचला. दोन घरं पलीकडे जाताना कुलूप ओढून बघणारी बाई ती. बाकी सगळं तिने मान्य केलं, शिडीसुद्धा. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “हे खोड.” मी कारण समजावलं. तिने पेन मागितलं आणि त्या ओळीपुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: “किल्ली बंबवाल्यांना द्यावी.” कुठल्या बंबवाल्यांना, कधी, ते भेटणार कुठे, यावर आमचं अजून चालू आहे.